आत आपला माणूस

आमचा काशीरामकाका रत्नागिरीतल्या एका सरकारी कचेरीत शिपाई होता, पण ऐट कलेक्टरची. साहेबाच्या दाराशी त्याचं स्टूल. लांज्याहून पहाटेच्या एसटीनं आलेली म्हातारी दिवसभर समोरच्या बाकावर बसली, तरी काका तिच्या डोक्यावरून भिंतीकडे बघत राहायचा. घरी येऊन आम्हाला शहाणपण शिकवायचा, "वळखीच्या मानसाकडं तर मुळीच बघू नये. नजर मिळाली का काम गळ्यात पडलंच." स्वतःचं काम निघालं, की मात्र त्याचा पहिला प्रश्न, "आत आपला मानूस कोन हाय?"

त्याची नात आम्रपाली. पोरीला नीटमध्ये घसघशीत मार्क पडले. तिला रत्नागिरीतच शिकायचं होतं. नवं मेडिकल कॉलेज, वर्गात मुलं कमी, आणि संध्याकाळी आईच्या हातचं जेवण. पण पसंतीक्रम भरायच्या दिवशी अर्धी वाडी घरात जमली आणि मुंबईच्या मोठ्या कॉलेजचे फायदे सांगू लागली. एकाचा मोतीबिंदू होता, एकाच्या मेहुण्याची किडनी, चिमाआत्याचा गुडघा. तिथं शिकवतात कसं, हे एकानंही विचारलं नाही.

"आजोबा, मला इथंच बरं वाटतं," आम्रपाली एवढंच म्हणाली.

"बाय गो, हितं शिकून काय करशील? आजारी मानूस शेवटी मुंबईलाच जातो. तिथं आत आपला मानूस नको?"

मुंबई पहिल्या नंबरावर भरली गेली आणि मिळालीही. काकानं वाडीभर पेढे वाटले.

पहिल्या वर्षाच्या पोरीला हॉस्पिटलात कुत्रं विचारत नाही, हे वाडीला कोण सांगणार? हॉस्टेलच्या फाटकाशी कायम कुणीतरी फाइल घेऊन उभं. ती तास बुडवून त्यांच्यासाठी धावायची, नर्सांची बोलणी खायची, आणि पेशंट गावी येऊन सांगायचे, पोरगी शेफारली, एक खाट मिळवून देत नाही. वर्षाअखेर ती ॲनाटॉमीत नापास झाली. "वाचत नसंल," काका म्हणाला. माझं डोकं फिरलं.

यंदा काकाच्याच घशात गाठ निघाली. मी त्याला मुंबईला, आम्रपालीच्याच हॉस्पिटलात नेलं. इस्त्रीचा शर्ट घालून तो थेट दाराशी गेला. "रांग कशाला? माझी नात आत हाय."

"आजोबा, इथं सगळ्यांचंच कोणीतरी आत आहे," वॉचमन म्हणाला. "बाकावर बसा."

आम्ही बसलो. आम्रपाली फोन उचलत नव्हती. दुपारी ती दोन मैत्रिणींबरोबर समोरून आली, अंगात पांढरा कोट. काकानं हात वर केला. बसक्या आवाजात हाक मारली, "बाय गो."

तिनं ऐकलं. पाऊल एकदा अडखळलं, ते मी पाहिलं. मग तिनं आमच्या डोक्यावरून भिंतीकडे बघितलं आणि ती आत निघून गेली.

मी तिच्यामागे जायला उठलो, तर काकानं माझं मनगट धरलं. "ऱ्हाऊ दे. आता झाली ती खरी आतली."

त्याच्या आवाजात चक्क कौतुक होतं, आणि त्याचीच मला जास्त चीड आली. तो फाइल मांडीवर घेऊन भिंतीकडे बघत बसला. आमचा नंबर त्या दिवशी लागला नाही.