चंद्राबाईच्या घरातलं पाळणाघर

निरवांगीतलं चंद्राबाईचं घर ऐसपैस, पण बोलायला एक मांजर तेवढी. तीही दूध पिऊन झालं की शेजारी जायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. लेकरू झालंच नव्हतं. बारशाचं बोलावणं यायचं, पण पाळण्याला हात लावायची वेळ आली की कुणीतरी तिला अलगद चहा गाळायला धाडायचं. चंद्राबाई म्हणायची, "निम्म्या गावाच्या बारशाचा चहा माझ्या हातचा हाय!"

खुरपणीला जाणाऱ्या बाया तान्ही पोरं बांधावरच्या झाडाला झोळीत टांगायच्या. यंदा अंगणवाडीच्या स्वरूपाताईंनी त्या पोरांसाठी पाळणाघर काढायचं मनावर घेतलं. बायांना बसवून विचारलं, "जागा कुठं मिळंल?"

"माझं घर हाय की," चंद्राबाई बोलून गेली.

बायांनी एकमेकींकडं पाहिलं. शेवटी धोंडाबाई म्हणाली, "लेकरं सांभाळायला लेकरांची सवय लागती, आत्या."

"व्हय गं. तुला हुती, म्हणूनच तुझा ज्ञानेश म्हशीच्या गव्हाणीत घावला!"

बाया हसल्या. दुसरी जागा कुणी देईना, म्हणून तिचंच घर ठरलं.

पहिल्या दिवशी तिनं तांबडं फुटायच्या आत झोळ्या बांधल्या, गुरगुट्या भात शिजवला. मजुरांचा टेम्पो यायच्या आधी बाया पोरं घेऊन आल्या. बघती तर प्रत्येकाच्या गालावर ही एवढी काजळाची तीट! एकाच्या तर दोन्ही गालांवर. नजर लागू नये म्हणून. कुणाची, ते कुणी सांगायची गरज नव्हती.

दिवसभर तिनं पोरांना भरवलं, नाकं पुसली, झोके दिले. तीट पुसली जाईल म्हणून गालाला मात्र बोट लावलं नाही. संध्याकाळी पोरं गेली आणि घर आधीपेक्षा जास्तच ओस वाटलं.

असेच काही दिवस गेले. एका सकाळी गोकुळची बायको छकुली तान्ही पोरगी घेऊन धावत आली. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. तिनं पोरगी चंद्राबाईच्या कडेवर दिली आणि पळता पळता ओरडली, "आत्या, तीट लावायची ऱ्हायली बगा! तुमीच लावा!"

चंद्राबाईच्या घरात काजळ कुठलं? आपल्याच नजरेपासून पोरीला राखायचं, तेही आपल्याच हातानं, म्हणून तिला हसू आलं. तिनं तव्याच्या बुडावर बोट घासलं आणि पोरीच्या गालावर टेकवलं. गाल भाकरीच्या पापुद्र्यासारखा ऊन होता.

तीट कधीच लागली होती. तिनं बोट काढलं नाही.