आबा स्टोअरमध्ये आहेत

माझे वडील वालचंदनगरला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये तीस-बत्तीस वर्षं होते. नटबोल्टापासून बेअरिंगपर्यंत प्रत्येक वस्तूची जागा त्यांना पाठ. कॉलनीत मला 'स्टोअरवाल्यांची पोरगी' म्हणत आणि मला त्याचं भूषण वाटे. घरी कुणी आबांची चौकशी केली की उत्तर ठरलेलं, "स्टोअरमध्ये." लहानपणी मला औषधांचं दुकानही त्यांचंच वाटायचं, कारण त्याच्या पाटीवर 'मेडिकल स्टोअर' होतं.

आई गेल्यावर मी आबांना बारामतीला आणलं. फ्लॅट दोन बेडरूमचा. स्वयंपाकघराला लागून एक चिंचोळी खोली, बिल्डरच्या नकाशात तिच्यावर 'स्टोअर' छापलेलं, म्हणून आम्हीही तेच म्हणायचो. आत गव्हाची कोठी, जुना कूलर, जास्तीच्या गाद्या.

आबा माझ्या मुलीच्या खोलीत झोपायचे. ती बारावीला गेली आणि त्यांच्या खोकल्यानं तिचा अभ्यास मोडू लागला. तिनं काही मागितलं नव्हतं. मीच कूलर गॅलरीत काढला आणि कोठीशेजारी आबांची खाट लावली.

"परीक्षेपर्यंतच, आबा."

"आगं, मला काय न्हाय. जन्म स्टोअरमधीच गेला माझा," ते हसून म्हणाले.

मीही हसले. ते हसले म्हणून मी मोकळी झाले, याची आज लाज वाटते.

दिवाळीनंतर एकदा निरवांगीहून मावशीचा फोन आला. मी पोळ्या लाटत होते, फोन स्पीकरवर होता.

"दाजी कुठं हायेत?"

"आबा स्टोअरमध्ये आहेत," मी सवयीनं बोलून गेले.

"आँ? या वयात परत कामाला जात्यात व्हय?"

त्या खोलीचं दार उघडंच होतं. आबा उठून आले, फोन हातात घेतला आणि म्हणाले, "न्हाय न्हाय. बरं चाललंय माझं." माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

आठवड्याभरात त्यांनी पिशवी भरली. अंथुर्ण्याला त्यांच्या पुतण्याचं बी-बियाण्यांचं दुकान आहे. "त्याच्याकडं माल लावाय माणूस न्हाय," म्हणाले. 'जाऊ नका' एवढंच म्हणायचं होतं मला. मी म्हणाले, "स्वेटर घेतलाय ना?"

परीक्षा संपताच मी त्यांची खाट मुलीच्या खोलीत हलवली आणि अंथुर्ण्याला गेले. दुकानातल्या प्रत्येक फळीवर आबांनी खडूनं नंबर घातले होते. ते मक्याच्या बियाण्याच्या पिशव्या रचत होते.

"आबा, चुकलं माझं. तुम्हाला तिथं ठेवायला नको होतं."

त्यांनी हातातली पिशवी जागेवर नीट बसवली. "पोरीचा गणिताचा पेपर कसा गेला?"

"चांगला गेला."

"मग झालं तर."

"घरी चला ना."

"आत्ता न्हाय. हंगाम हाय."

हंगाम संपला, दुसरा आला. सणाला ते येतात, दोन दिवस राहतात आणि परत जातात. मी एक रविवार सोडून एक रविवार अंथुर्ण्याला जाते. एकदा तरी त्यांनी माझ्यावर रागवावं, असं फार वाटतं. ते मला खुर्ची देतात आणि समोरच्या हॉटेलातून चहा मागवतात.