जुन्या टीमविरुद्धचा गोल

डॉक्टरांनी दादाला स्पष्ट सांगितलं होतं, गुडघा पुन्हा दुखावला तर नीट चालणंही कठीण होईल. दादा बेळगावात फुटबॉल खेळतो, मिडफिल्डला. गावातल्या निम्म्या क्लबांचे शर्ट त्याने घातलेत.

"बेंगळुरूला डॅनीची शेवटची मॅच बघून येऊया की, मग खेळायचं की सोडायचं ते सांगतो," तो म्हणाला. मी लगेच तिकिटं काढली.

डॅनी हा इंग्लंडचा मिडफिल्डर. तुम्ही नाव ऐकलं नसेल तर तुमची काही चूक नाही. तिकडच्या खालच्या डिव्हिजनांत गावोगाव खेळून तो ऑस्ट्रेलियाला गेला, मग गोव्याला, आणि शेवटी बेंगळुरूला. देशाची जर्सी कधीच मिळाली नाही. तो गोव्यात असताना दादा मुद्दाम त्याचा सराव बघायला जायचा.

रात्रीच्या रेल्वेने पोचून मारतहळ्ळीत मावसभावाकडे उतरलो. तिथून शहरात जायचं असेल तर कॅबच्या फंदात पडू नका, रिंग रोडवर जन्म जाईल. महादेवपुऱ्याच्या बाजूने मेट्रो धरा. स्टेडियमबाहेर ताटलीएवढी थट्टे इडली खाऊन घ्या, आतलं खाणं महाग आणि गार असतं. दादाने अर्धी इडली तशीच ठेवली.

समोर डॅनीचा जुना, गोव्याचाच क्लब होता. "स्वल्प सरा अक्का," म्हणत एक काका शेजारी बसले. पिढ्यान्‌पिढ्या इथलेच मराठी. उत्तरार्धात डॅनीने लांबून फटका मारला आणि थेट गोल! सगळं स्टेडियम उठलं. डॅनी मात्र धावला नाही. गोव्याच्या पाठीराख्यांकडे वळून त्याने हात जोडले.

"अण्णा, गोल झाला नव्हे? हा नाचत का नाही?" काकांनी दादाला विचारलं.

"जुन्या टीमविरुद्ध गोल केला की नाचायचं नसतं, काका. त्यांचं मीठ खाल्लेलं असतं."

"मग ह्यानं आयुष्यभर किती जणांपुढं गप्प राहायचं?"

थोड्या वेळाने डॅनीला बाहेर बोलावलं. तो लंगडत बाकावर गेला आणि बुटांच्या नाड्या सोडत बसला. शिट्टी होईपर्यंत दादा मैदानाकडे नाही, त्या बाकाकडेच बघत होता. मला फार वाईट वाटलं.

परतीच्या गाडीतही त्याने निर्णय सांगितला नाही.

रविवारी बेळगावात त्याच्या क्लबची मॅच होती, त्याच्याच एका जुन्या क्लबशी. दादा चपला घालून निघाला. बूट कोनाड्यातच होते. मी मागोमाग गेले. आमच्यांनी गोल केला तशी रेषेबाहेरची सगळी पोरं उड्या मारायला लागली. दादाचे हातही वर गेले, पण अर्ध्यावरच थांबले. मग समोरच्या टीमकडे बघून त्याने ते जोडले.

गोल त्याचा नव्हता, तो मैदानातही नव्हता. मला रडू आवरेना.