तात्यांची खालची उत्तरं

आमची वेबसाइट नव्या यंत्रणेवर हलवली आणि मी आठवडाभर बारामतीत छाती फुगवून फिरलो. दिवसा एमआयडीसीतल्या दूध प्रकल्पात मीटरं सांभाळायची, आणि उरलेल्या वेळात हे उद्योग. आम्ही चौघा मित्रांनी मिळून एक प्रोग्राम केला आहे. त्यानं शेतातली मोटर घरबसल्या फोनवरून चालू-बंद करता येते, लाइट आली-गेली कळतं. प्रोग्राम सगळ्यांना खुला. कुणीही फुकट वापरावा, आतून उघडून बघावा, जमलं तर सुधारावा. तो स्टार्टरच्या पेटीला कसा जोडायचा, ही माहिती वेबसाइटवर, मराठीत.

जुनी वेबसाइट म्हणजे डोक्याला ताप होता. सारखं काहीतरी अपडेट मागायची, आणि दोनदा तर कुणी आत शिरून वजन कमी करायच्या गोळ्यांच्या जाहिराती लावून गेलं. नवी यंत्रणा एकदम साधी. प्रत्येक पान म्हणजे मजकुराची एक फाइल, तिच्यातून पान आपोआप तयार होतं आणि विहिरीवर रेंजची एकच काडी असली तरी पटकन उघडतं. मी सगळे लेख आणले, चित्रं आणली, चारदा तपासलं आणि जुनं होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची भाड्याची जागा, बंद करून टाकलं. मित्रांनी कौतुक केलं, ते मी मुळीच नाकारलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात कळंबहून एका बाईंचा फोन आला. त्या भाजीपाला करतात, प्रोग्राम पहिल्यापासून वापरतात.

"दादा, नवीन झ्याक झालंय. पर खालचं कुठं गेलं?"

"खालचं म्हणजे?"

"तात्यांचं ओ!"

अंथुर्ण्याचे तात्या म्हणजे जळालेल्या मोटरींचं वाइंडिंग करणारे जुने कारागीर. लोक आमच्या लेखांखाली प्रश्न टाकायचे आणि तात्या उत्तरं द्यायचे. टाइप करणं त्यांना जमत नाही, म्हणून फोनमध्ये बोलायचे आणि फोन लिहायचा. कितीतरी वर्षं हे चाललं होतं, एक पैसा न घेता. जुन्या यंत्रणेत लेख एकीकडे साठवलेले होते आणि खालची प्रश्नोत्तरं दुसरीकडे. मी लेख उचलले, दुसरीकडे हातच घातला नाही. होस्टिंगवाल्यांना विचारलं, तर डेटा पुसून झाला होता. माझ्या बॅकअपमध्येही नुसते लेख, माझेच.

मग आठवलं की एवढ्या दिवसांत तात्यांचा एकही फोन नाही. एरवी दिवसाआड असायचा. कामात असतील, अशी मी माझी समजूत घालून घेतली. खरं म्हणजे मला त्यांच्याशी बोलायची भीती वाटत होती. माणसाचं इतक्या वर्षांचं सांगणं मी एका बटणावर घालवलं होतं आणि ते त्याला कुठल्या तोंडानं सांगायचं, हे सुचत नव्हतं.

रविवारी आधी कळंबला गेलो. बाईंनी मला वांग्याच्या रानात नेलं आणि स्टार्टरची पेटी उघडली. दाराच्या आतल्या बाजूला लॅमिनेशन केलेला कागद तारेनं बांधला होता.

"रानात हात वले असत्यात, फोन कोण काढतंय? म्हणून झेरॉक्सवाल्याकडनं काढून आणलाय. समद्यांच्याच पेटीत हाय."

कागदावर तात्या होते. 'मोटर नुसती गुरगुरती, फिरत न्हाय? एक फेज गेलीय. दाबत बसू नका, वाइंडिंग जळंल.' त्याखाली, 'पेटीत मुंग्या हुत्यात? डांबरगोळ्या ठेवा.' जुनं पान छापलं की खालची प्रश्नोत्तरंही छापली जायची. फुकट कागद जातो म्हणून मला त्याचा राग होता. आणि माझा लेख? तो लॅमिनेशनच्या आधी मागं दुमडून टाकला होता. मी तिथंच बांधावर बसून खूप हसलो. बाईंना वाटलं, ऊन लागलं.

बाईंनी प्रोग्राम वापरणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर निरोप टाकला, पेटीतल्या कागदाचे फोटो पाठवा. आठवडाभर फोटो येत राहिले. कुठं ग्रीसचे बोटांचे ठसे, कुठं पालीची अंडी चिकटलेली. जवळजवळ सगळी उत्तरं मिळाली. मी एकेक टाइप करून घातली, आणि या खेपेला लेखाच्या वर घातली. माझा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. तात्यांना सांगायचं राहिलंच होतं.

पुढच्या रविवारी अंथुर्ण्याला गेलो. तात्या दुकानात मोटरीत तार भरत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. मी फोनवर नवं पान उघडून त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी चष्मा लावला, बोटानं पान सरकवत बराच वेळ वाचलं.

"परत घातलं व्हय?"

"तात्या, ते माझ्याकडून—"

"न्हाय, तुमचं बरोबर हुतं," ते खाली बघत म्हणाले. "पहिल्याच दिवशी बघितलं मी. म्हणलं, साइट आता चकचकीत झाली, शिकलेल्या लोकांची. आपलं आडाणी बोलणं त्यात शोभत न्हाय, म्हणून काढलं आसंल. मग फोन तरी कशाला करायचा?"

माझी भीती डेटाची होती. हा माणूस महिनाभर हे मनात घेऊन बसला होता.

"काढलं नव्हतं, तात्या. चुकून पुसलं. गाढवपणा केला मी. तुमचंच तेवढं आणायचं विसरलो."

"चुकून?"

"शपथ."

तात्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला. चेहरा असा मोकळा झाला की मलाच रडू आलं.

"आरं येड्या," ते म्हणाले, "मग आधी फोन करायचा की!"