मंदाताईंना घातलेली शिवी

भाजीची हातगाडी जरा आडवी आली म्हणून एका मोटारवाल्यानं माझ्या शेजारच्या मंदाताईंना आईवरून शिवी घातली. त्यांची आई जाऊन वर्षही झालेलं नव्हतं. तक्रार द्यायचीच म्हणून त्या हट्टाला पेटल्या, आणि मी सोबत म्हणून पोलीस चौकीत गेले.

"नेमकं काय म्हणाला? शब्द सांगा, त्याशिवाय लिहिता येत नाही," हवालदार म्हणाले.

दिवसभर बाजारात ओरडून भाजी विकणारी बाई पदराचं टोक पिळत बसली.

माझं डोकं फिरलं. हाच शब्द चौकीसमोरच्या टपरीवर पोरं गळ्यात गळा घालून एकमेकांना बोलतात. विकेट पडली की हाच, गाडी पंक्चर झाली की हाच. माझा शिकलासवरलेला भाऊ जिवलग मित्राला याच शब्दानं हाक मारतो आणि त्याच मित्राच्या घरी जाऊन त्याच्या आईच्या हातचं थालीपीठ मिटक्या मारत खातो. विचारलं तर म्हणतो, "अगं, प्रेमानं म्हणतो आम्ही." त्या शब्दात एक बाई आहे, तिचं काय केलंय त्यात, हे त्याच्या गावीही नसतं. बोलणारे मोकळे. लाजायचं ते जिला बोललं तिनं.

शेवटी मंदाताईंनी मान वर केली आणि तो शब्द उच्चारला. स्पष्ट, अख्खा.

हवालदारांचं पेन थांबलं. कागदावर त्यांनी 'अर्वाच्य शिवीगाळ केली' एवढंच लिहिलं आणि मंदाताईंकडे बघून म्हणाले, "बाईमाणसाच्या तोंडी बरं दिसतं का हे?"