माधव नगरातली तांदळाची क्रीम

प्रिय ईरा आणि निहार,

आजीने उज्जैनला जाऊन मंजिरी मावशीचा धंदा बुडवला, असं तुमच्या आईने तुम्हाला सांगितल्याचं कळलं. तसं झालं की नाही, हे मला स्वतःलाही अजून नीट उमगलेलं नाही. पण ही गोष्ट तोंडोतोंडी आणखी बदलत जाईल, म्हणून आत्ताच क्रमाने लिहून ठेवते.

पुण्याहून दुपारी निघाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उज्जैनला उतरले. रिक्षावाल्याने विचारलं, "अम्मा, महाकाल?"

"नाही, माधव नगर."

"पहले दर्शन कर लो. माधव नगर कहाँ भागा जा रहा है?"

माधव नगर स्टेशनच्या अगदी जवळ आहे, आणि त्याला लांबचं भाडं हवं होतं, हे मला घरी पोचल्यावर कळलं.

मंजिरी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. शाळेतली नोकरी सोडून ती आता कोरियाहून तांदळाच्या पाण्याची क्रीम मागवते. घरात शिरताच खोकीच खोकी दिसली. पलंगाखाली, कपाटावर, देवघराच्या दाराशीसुद्धा. तिने पोह्यांवर शेव आणि जीरावन (जिऱ्याचा चटकदार मसाला) घालून पुढे ठेवलं, सोबत गरम जलेबी. तिचे सासरे आप्पा समोर बसले होते. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या दरबारात कारकून होते आणि घरचं मराठी अजून आहे, मात्र त्यात निम्मं हिंदी मिसळलेलं.

"बघा ताई," आप्पा म्हणाले, "सूनबाई तांदळाचं पाणी समंदरपार मागवते आणि घरचं मोरीत ओतून देते."

"आप्पा, ते पाणी वेगळं असतं," मंजिरी म्हणाली. कसं वेगळं, हे मी दोनदा विचारलं. दोनदा तिने सांगितलं. मला कळलं नाही.

तिची अडचण मात्र कळली. माळव्यात अकरा दुकानं असलेल्या एका साखळीने तिचा माल ठेवायचं कबूल केलं होतं. अटी दोन. प्रत्येक डबीच्या खोक्यावर त्यांचा बारकोडचा स्टिकर हवा. आणि माल गोदामात पोचेल तेव्हा त्याचं अर्ध्याहून जास्त आयुष्य शिल्लक हवं. ती मुदत शनिवारी संपत होती.

"म्हणजे नंतर क्रीम खराब होते?"

"नाही गं मावशी, चांगलीच राहते. पण त्यांच्या हिशेबाने म्हातारी झाली."

मी जलेबीचा आणखी एक तुकडा मोडला.

"हा माल नाही लागला ना, तर कोरियावाले इंदूरच्या दुसऱ्या पार्टीला काम देऊन टाकतील," ती म्हणाली. "मग मी परत शाळेत. तेही घेतील तर."

ती स्टिकर लावत होती आणि दर दोन मिनिटांनी तिचा फोन वाजत होता. एका खोक्यावर स्टिकर तिरका, दुसऱ्यावर अर्धा कडेबाहेर. तुम्हाला माहीत आहे, मी तीस वर्षं शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांना नंबर चिकटवले. मला ते बघवेना. "तू फोन घे, हे मी करते," म्हणाले.

जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा कापून मी माप तयार केलं. खोक्याच्या मागे, खालच्या कोपऱ्यात काही फिकट ठिपक्याठिपक्यांचे आकडे होते, शाई सांडल्यासारखे. तेवढीच जागा अस्वच्छ दिसत होती. मी प्रत्येक स्टिकर बरोबर त्यावर बसवला. दोन दिवस हेच केलं.

"काय सफाई आहे मावशी, एकदम मशीनसारखी," मंजिरी म्हणाली. मला फार बरं वाटलं.

शनिवारी आम्ही खोकी घेऊन इंदूर रस्त्यावरच्या गोदामात गेलो. खरेदी बघणाऱ्या साहेबांनी एक खोकं उचललं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं.

"माताजी, एक्सपायरी कहाँ है?"

"खाली असेल," मी म्हणाले.

"स्टिकर के नीचे? तो ग्राहक एक्स-रे मशीन लेकर आएगा?"

त्यांनी दुसरं खोकं पाहिलं, तिसरं पाहिलं. मी पुठ्ठ्याचं माप वापरलं होतं, त्यामुळे माझ्या एकाही खोक्यावर नेम चुकला नव्हता. मंजिरीने तिथल्या बाईंकडून केस वाळवायचं यंत्र मागून आणलं आणि गरम वाऱ्याने एक स्टिकर सोडवला. स्टिकर निघाला, सोबत तारीखही निघून आली.

साहेब कठोर नव्हते. "मैडम, तारीख के बिना मैं इसे छू भी नहीं सकता," एवढंच म्हणाले.

मग त्यांच्या हाती मंजिरीने पहिल्या दिवशी लावलेली खोकी आली. तिरकी, कडेबाहेर गेलेली. त्यांच्यावरची तारीख स्पष्ट वाचता येत होती. अशी छत्तीस निघाली. ती त्यांनी एका दुकानापुरती ठेवून घेतली, बाकी सगळी परत दिली.

परतताना मंजिरी मला राम घाटावर घेऊन गेली. क्षिप्रेच्या पायऱ्यांवर आम्ही बराच वेळ बसलो. एक पंडितजी येऊन म्हणाले, "पूजा करा दूँ? सब अटके काम निकल जाते हैं."

"पंडितजी, आमचं कामच चिपकलं आहे," मंजिरी म्हणाली. ती हसली आणि मग रडली. मी तिचा हात धरला.

"तारीख झाकू नको, हे मीच सांगायला हवं होतं," ती म्हणाली. "मला वाटलं, ते कुणालाही दिसेल."

"मला तो डाग वाटला गं."

पुण्याला परतताना गाडीत मी हाच विचार करत होते. जे काम आयुष्यभर नीट केलं म्हणून लोकांनी वाखाणलं, तेच इथे नीट केल्यामुळे बिघडलं. मग नीट म्हणजे नेमकं काय, हे या वयात कुणाला विचारावं? मंजिरी रागावलेली नाही, असं ती म्हणते. कोरियावाले थांबणार की इंदूरला जाणार, याबद्दल तिच्या प्रत्येक फोनवर वेगळी बातमी असते.

सध्या त्या साखळीच्या माधव नगरमधल्या दुकानात, सर्वांत खालच्या फळीवर, त्या छत्तीसपैकी एकोणीस डब्या उरल्या आहेत. बाकीच्या विकल्या गेल्या.