विहिरीजवळची पोफळ

तेरा वर्षांची कायमची नोकरी सोडून मी कंत्राटावर सॉफ्टवेअरचं काम सुरू केलं आणि दुसऱ्याच महिन्यात स्वतःचं हसं करून घेतलं. गौरी-गणपतीच्या चार दिवसांसाठी मी, ज्या पुण्याच्या कंपनीचं काम करत होते तिथल्या बाईंना, रीतसर रजेचा अर्ज पाठवला. कारण, तारखा, माझ्या मागे काम कोण बघेल, सगळं व्यवस्थित. बाईंचं उत्तर एका ओळीचं आलं: रजा माझ्याकडे कशाला मागता, त्या दिवसांचं बिल लावू नका म्हणजे झालं. मी लॅपटॉपसमोर एकटीच हसले आणि मग जरा घाबरलेही. रजा नाकारणारं कोणी नाही म्हणजे देणारंही कोणी नाही, हे तोवर माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं.

वडिलांना ही गंमत सांगितली तर त्यांना हसू आलं नाही. ते तेहतीस वर्षं कारखान्यात होते आणि 'पर्मनंट' या शब्दाला आमच्या घरात देवघराच्या खालोखाल मान होता. मग तुझ्या रजेवर सही कोण करतं, असं त्यांनी विचारलं. कोणीच नाही, मी म्हणाले. ते उठून वाडीत निघून गेले.

ऐरोलीची भाड्याची जागा सोडून मी चौलला घरी राहायला आले होते. पडवीत टेबल मांडलं होतं, समोर आमची सुपारीची वाडी. येणारा-जाणारा मला भर दुपारी घरात बघून चौकशी करायचा आणि मी तोंड उघडायच्या आत वडील सांगून टाकायचे, "सुट्टीवर आहे." अशी पाच महिने मी सुट्टीवर होते. एवढी लांब सुट्टी कोणती कंपनी देते, असं कोणी विचारलं नाही. चौलची माणसं शहाणी आहेत. मला मात्र प्रत्येक वेळी राग यायचा. खरं सांगायचं तर रागापेक्षा लाज जास्त वाटायची. काढून टाकलेल्या माणसाला घरचे सांभाळून घेतात, तसं ते वाटायचं.

डिसेंबरात सुपारी काढायला मामा आले. ते आमचे नात्याचे कोणी नाहीत, पण चौलपासून नागावपर्यंत सगळ्या वाड्या त्यांना मामाच म्हणतात. वय साठीच्या पुढे, अंगावर मांस असं नाहीच. मी लहान असल्यापासून त्यांना बघते आहे. पायात दोरीचा फास अडकवून ते सरसर वर जातात, घड तोडतात आणि मग जे करतात ते बघायला आम्ही मुलं शाळा बुडवायचो. खाली उतरायचंच नाही. वरूनच झाड झुलवायचं, झुलवत झुलवत पुढच्या पोफळीला हात घालायचा आणि तिच्यावर जायचं. सकाळी एकदा चढलेला माणूस पाच-सहा झाडं करूनच जमिनीला पाय लावायचा. राजीनामा लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर हेच होतं. इतकी वर्षं मी त्यांचं चुकीच्या गोष्टीसाठी कौतुक करत होते, हे मला त्या दिवशी कळलं.

कारण त्या दिवशी मी पहिल्यांदाच त्यांना चढायच्या आधी बघितलं. तासभर ते नुसते वाडीत फिरत होते. प्रत्येक खोडावर तळहात मारायचे, कान लावून आत पोकळ वाजतंय का ऐकायचे, वर बघायचे, पुढे जायचे. कुठून चढायचं, कुठे उतरायचं, सगळं खालीच ठरत होतं. विहिरीजवळच्या पोफळीपाशी ते जरा जास्त थांबले. मग म्हणाले, "दादा, ह्यावर मी चडनार न्हाय."

वडिलांना ते पटलं नाही. झाड सरळसोट होतं, घड लगडलेले होते, गेल्या वर्षी याच मामांनी ते काढलं होतं. वडिलांनी हे सगळं त्यांना सुनावलं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की गेल्या सालचं झाड वेगळं होतं. शेवटी वडील चिडून म्हणाले की ठीक आहे, नागावहून दुसरा माणूस बोलावतो.

"बोलवा की," मामा म्हणाले. "पन त्यालाबी मी ह्येच सांगीन."

एवढं बोलून त्यांनी पायात फास घातला आणि ते पलीकडच्या झाडावर चढले. आवाज चढला नाही, तोंड वाकडं झालं नाही. आमची वाडी हातची जाईल अशी भीती त्यांना वाटली असेल, पण ती कुठे दिसली नाही. मी पडवीत बसून बघत राहिले. माझ्या लॅपटॉपवर तेव्हा एक अर्धवट मेल उघडी होती.

पुण्याच्या कंपनीची औषधांची गोदामं आहेत. त्यांच्या साठ्याची नोंद जुन्या सिस्टीममधून नव्या सिस्टीममध्ये न्यायची, हे माझं काम. आदल्या दिवशी माझ्या लक्षात आलं होतं की काही हजार नोंदींत दिवस आणि महिना यांची अदलाबदल झाली आहे. मुदत संपलेलं औषध नव्या यादीत चांगलं दिसत होतं. दुरुस्तीला दोन आठवडे लागणार होते आणि बाईंना सोमवारी सगळं सुरू करायचं होतं. माझं कंत्राट महिनाअखेरीस संपत होतं आणि ते वाढवणं बाईंच्याच हातात होतं. नोकरीत असताना अशा वेळी काय करायचं ते मला पाठ होतं: मेलच्या तळाशी एक गोलमाल वाक्य टाकायचं, म्हणजे उद्या काही झालंच तर दाखवायला कागद असतो, आणि गप्प बसायचं. उघडी मेल त्याच जातीची होती. वरचा साहेब, त्याच्या वरचा साहेब असे आडोसे होते तेव्हा तसं लिहिणं सोपं होतं. आता माझ्या पुढे-मागे कोणीच नव्हतं.

मी मेल पुसली आणि फोन लावला. हे सोमवारी सुरू करू नका, मी करणार नाही, असं स्पष्ट सांगितलं आणि कारणही सांगितलं. माझा आवाज मामांसारखा मुळीच शांत नव्हता. बाई म्हणाल्या की संचालकांना तारीख दिलेली आहे, चुका नंतर दुरुस्त करता येतील, आणि तुम्हाला जमत नसेल तर आम्हाला दुसरं कोणी बघावं लागेल.

"बघा," मी म्हणाले. "त्यांनाही मी हेच सांगेन."

फोन ठेवला तेव्हा वडील पडवीतल्याच झोपाळ्यावर बसलेले दिसले. कधीपासून बसले होते कोण जाणे.

माझं कंत्राट वाढलं नाही. पुढे त्यांनी काय केलं ते मला माहीत नाही. कंत्राटी माणसाला नंतरचं कोणी कळवत नाही. जानेवारीत मी खरोखरच रिकामी होते. जीव टांगणीला लागलेला, आणि दिवसभर अंगणात सुपाऱ्या वाळत घालण्याशिवाय काम नाही. नागावचा माणूस वडिलांनी काही बोलावला नाही. विहिरीजवळच्या पोफळीच्या सुपाऱ्या पिकून आपोआप गळायला लागल्या आणि वडील रोज सकाळी टोपली घेऊन त्या वेचायचे.

असंच एकदा वडिलांचे कारखान्यातले जुने सोबती मुलाच्या लग्नाची पत्रिका घेऊन रेवदंड्याहून आले. मी अंगणात सुपाऱ्या पसरत होते. मला बघून त्यांनी हसत विचारलं, काय, लेकीची सुट्टी अजून संपली नाही वाटतं?

मी मान खाली घातली. आता तरी सुट्टीवर असणंच बरं, असं मला वाटलं.

"सुट्टी नाही," वडील म्हणाले. "नोकरी सोडलीये तिने. आता मामांसारखं काम करते."

पाहुण्यांना ते कळलं नाही. पोफळीवर चढते की काय, म्हणून ते मोठ्याने हसले.

वडील हसले नाहीत. "चढायचं नंतर," ते म्हणाले. "आधी झाड बघते. नाही म्हणायचं तर नाही म्हणते."

मी रिकामी टोपली उचलून आत गेले. डोळे भरून आले होते आणि ते पाहुण्यांना दिसायला नको होते.